मगरीला भाकरवडी टाकली तर? रोलप्लेइंग खेळात नियम संपतात तिथून पुढे

टेबलटॉप रोलप्लेइंग खेळ पहिल्यांदा खेळायला बसलेल्यांना फासे अवघड जात नाहीत, इंग्रजी रूलबुकही फारसं अडवत नाही. अडतं ते अर्ध्या तासाने, कुणीतरी पुस्तकात नसलेली गोष्ट करायला निघतं तेव्हा. चार पात्रं रात्री बडोद्यातली विश्वामित्री नदी ओलांडतायत, पाण्यात मगर आहे, आणि बहुरूप्याचं पात्र घेतलेला खेळाडू म्हणतो, "मी शिदोरीतली भाकरवडी लांब फेकतो. मगर तिकडे वळली की आपण सटकायचं."

पुस्तक उघडलं तर मगर सापडते. डंजन्स अँड ड्रॅगन्स या प्रसिद्ध रोलप्लेइंग खेळाच्या २०१४च्या नियमांत तिचे प्राण (किती मार सोसते) १९, चिलखत अंक (वार लागायला फाशाने गाठायचा आकडा) १२, आणि ती पंधरा मिनिटं श्वास रोखू शकते असंही दिलंय. ती कशाला भुलते यावर मात्र एक ओळ नाही. इथे नवी मंडळी दोनपैकी एक गोष्ट करतात. "पुस्तकात नाही म्हणजे जमणार नाही" असं सांगून मोकळी होतात, नाहीतर वीस मिनिटं मोबाइलवर उत्तर शोधत बसतात. दोन्हींनी खेळ मरतो. बडोद्यात नव्याने टेबलं जमायला लागली आहेत आणि ती टिकावीत असं मला मनापासून वाटतं, म्हणून अशा वेळी काय करायचं ते क्रमाने सांगते.

खेळ माहीत नसेल तर

चार-पाच जण बसतात. एकजण डंजन मास्टर म्हणजे डीएम होतो. तो जग सांगतो, शत्रू आणि वाटेत भेटणारी माणसं चालवतो. बाकी प्रत्येकाचं एकेक पात्र. "मी हे करतो" असं खेळाडू म्हणतो. निकाल उघड नसेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा, पात्राचे गुण त्यात मिळवायचे, आणि ठरलेल्या आकड्याइतकं किंवा जास्त आलं तर जमलं.

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या, म्हणजे २०१४च्या, आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट मिळतात. सुमारे चारशे पानांची पीडीएफ आहे, सुरुवातीला तेवढी भरपूर झाली. फासा मिळाला नसेल तर घरातल्या हाउजीच्या सेटमधले १ ते २० आकडे पिशवीत घाला आणि एकेक काढा. काढलेला आकडा दर वेळी परत पिशवीत टाकायचा, नाहीतर शक्यतांचं गणित बिघडतं.

नियमांत जागा रिकाम्या का राहतात

हे समजलं की पुस्तकावर चिडणं थांबतं, म्हणून थोडं मागे जाऊ.

प्रशियाच्या सैन्यात १८२४पासून राइसविट्झचा युद्धखेळ अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी वापरत असत. त्यात पुढे तक्ते आणि नियम इतके झाले की खेळ हलेनासा झाला. १८७६मध्ये फेर्दी द्यु व्हेर्नुआ नावाच्या अधिकाऱ्याने सुचवलं की तक्ते बाजूला ठेवा आणि अनुभवी पंचाला प्रसंग पाहून निर्णय देऊ द्या. आजचा डीएम त्या पंचाचा वारस आहे.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स तीन छोट्या पुस्तिकांत निघाला. लढाईसाठी 'चेनमेल' हा आधीचा युद्धखेळ तुमच्याकडे असेलच असं त्यात धरलेलं होतं. रानातल्या प्रवासासाठी तर दुसऱ्याच कंपनीच्या 'आउटडोअर सर्व्हायव्हल' या खेळाचा पट वापरा असं सुचवलेलं होतं. एल्फ, म्हणजे परीकथेतल्या जमातीचं पात्र, एका मोहिमेत योद्धा आणि पुढच्या मोहिमेत जादूगार होऊ शकतं असं लिहिलं होतं, पण तसं झालं की त्याचे प्राण आणि अनुभवाचे गुण कसे मोजायचे हे नीट सांगितलं नव्हतं. मग प्रत्येक गावाने आपलं उत्तर काढलं. कॅलटेक या अमेरिकी विद्यापीठातल्या खेळाडूंनी १९७५मध्ये 'वॉरलॉक' नावाने आपल्या नियमांची पुरवणीच छापली. स्टीव्ह पेरिनने १९७६मध्ये लढाईचे स्वतःचे नियम लिहून वाटले, आणि १९७८मध्ये त्याच्याच हातून 'रुनक्वेस्ट' हा वेगळा खेळ उभा राहिला.

आपल्याकडे बदाम सातमध्ये हातात चालणारं पान असूनही 'पास' म्हणता येतं का, याचं उत्तर घराघरात वेगळं असतं, आणि पाहुणा आला की पहिल्या डावाआधी ते विचारून घेतो. रोलप्लेइंगची टेबलंही तशीच चालतात. फरक इतकाच की इथे असा प्रश्न दर दहा मिनिटांनी येतो, कारण खेळाडू काहीही करायला मोकळा आहे आणि कुठलंही पुस्तक 'काहीही'ला पुरत नाही.

आणखी एक गोष्ट नव्या डीएमने मनाशी धरावी. नियम वाढवले की रिकाम्या जागा कमी होतातच असं नाही. १९७५च्या 'ग्रेहॉक' पुरवणीत चोर हे नवं पात्र आलं. कुलूप उघडणं, चाहूल न लागू देता चालणं, सावलीत लपणं, प्रत्येकाची टक्केवारी दिली होती. तोवर लपायचं तर कुणीही लपत होतं आणि डीएम ठरवत होता. चोराचा तक्ता आल्यावर प्रश्न पडला: मग योद्ध्याला लपताच येत नाही का? एक जागा भरताना शेजारी दुसरी उघडी पडली. तुम्ही घरी नियम बनवाल तेव्हाही हेच होणार आहे, त्यामुळे हात राखून बनवा.

पायरी १: जागा खरंच रिकामी आहे का ते बघा

यासाठी एक मिनिट, त्याहून जास्त नाही. एकाने पुस्तकात शोधायचं, बाकीच्यांनी बोलत राहायचं. मिनिटात तीनपैकी एक गोष्ट कळते.

कधी पुस्तक साफ गप्प असतं, मगरीच्या भुलण्यासारखं. हे सगळ्यात सोपं, कारण कुणाशी वाद नाही.

कधी नियम असतो पण त्यातला एखादा शब्द मोघम असतो. उदाहरण बडोद्याच्या मे महिन्याचंच घ्या. २०१४च्या डीएमच्या पुस्तकात कडक उन्हाचा नियम आहे. तापमान १०० अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण ३८ सेल्सियस किंवा जास्त असेल आणि प्यायला पाणी नसेल, तर दर तासाला कणखरपणाचा फासा टाकायचा. पहिल्या तासाला आकडा ५, पुढे दर तासाला एकाने वाढतो. चुकलात तर थकव्याची एक पातळी चढते. जड चिलखत असेल तर फासा आणखी अवघड. उष्ण हवामानाला मुळातच सरावलेल्यांना यातून सूट आहे. पण सरावलेला कोण? मांडवीत, म्हणजे जुन्या बडोद्याच्या मध्यावर, दुपारी बारा वाजता दुकान उघडं ठेवणारा माणूस सरावलेला धरायचा का? कोकणातून आलेला त्याचा भाचा? पुस्तक सांगत नाही, टेबलाने ठरवायचं. मी इथल्या रहिवाशाला सूट देईन, पण चिलखत अंगावर असेल तर नाही.

तिसरा प्रकार जास्त त्रास देतो: नियम आहे, शब्दही स्पष्ट आहेत, पण अक्षरशः लावला तर निकाल वेडगळ निघतो. २०१४च्या नियमांत अदृश्य झालेल्या पात्रावर हल्ला करणं कठीण जातं. अदृश्य गोष्टी दिसू लागतील असा मंत्रही त्यात आहे. पण तो मंत्र म्हटल्यावर हल्ल्याची अडचण जाते असं कुठे लिहिलेलंच नाही! शब्द धरून बसलं तर समोरचा दिसतोय आणि तरीही तो दिसत नसल्यासारखा वार करावा लागतो. २०२४च्या आवृत्तीत ही चूक सुधारली. पाहणाऱ्याला तुम्ही दिसत असाल तर त्याच्यापुढे तो फायदा मिळत नाही असं लिहिलं. मधली दहा वर्षं जगभरच्या टेबलांनी हे आपल्या अकलेने चालवलं. तुम्हीही चालवा. टेबलावरच्या सगळ्यांना निकाल विचित्र वाटत असेल तर शब्दांना चिकटू नका. एकट्या खेळाडूलाच विचित्र वाटत असेल आणि बदल त्याच्याच फायद्याचा असेल, तर पुस्तकाप्रमाणे चला.

पायरी २: इरादा आणि रीत विचारा

सगळ्यात मोलाची पायरी हीच, आणि नवे डीएम नेमकी हीच गाळतात. खेळाडूने काही म्हटलं की लगेच फासा मागतात. त्याआधी दोन गोष्टी कळायला हव्यात: त्याला काय साधायचंय आणि तो ते कसं करतोय.

"ताई, मी मगरीचं लक्ष वळवतो."

"कसं?"

"भाकरवडी फेकून."

"कुठे पडते ती? काठावर की पाण्यात? आणि तुला नुसतं स्वतःला पार व्हायचंय, की चौघांना वेळ मिळवून द्यायचाय?"

"पाण्यात, लांब, धपकन आवाज होईल अशी. चौघांना वेळ हवाय."

एवढ्या चार वाक्यांत निम्मी जागा भरली. भाकरवडीच्या चवीशी मगरीला देणंघेणं नाही, पण मगरीच्या जबड्यावरच्या त्वचेला पाण्यातली हालचाल जाणवते ही खरी गोष्ट आहे. धपकारा झाला तर ती वळू शकते. म्हणजे दगडही चालला असता, आणि काठावर टाकलेल्या भाकरवडीचा उपयोग नव्हता. प्रश्नाचं उत्तर रूलबुकात नव्हतं, मगरीत होतं. रिकामी जागा भरताना आधी त्या वस्तूकडे, प्राण्याकडे, माणसाकडे बघा. नियम गप्प असले तरी जग बहुतेक वेळा बोलत असतं.

पायरी ३: फासा हवाच का ते ठरवा

काम जमणार हे उघड असेल तर "जमलं" म्हणा. अशक्य असेल तर तसं सांगा आणि का ते सांगा, म्हणजे खेळाडू दुसरी वाट काढेल. फसल्याने काहीच बिघडत नसेल तरी फासा नको. कुलूप उघडायला रात्रभर वेळ आहे आणि कुणी येणार नाही, तर ते उघडलं असं धरून पुढे चला. जमणंही शक्य, फसणंही शक्य आणि फसल्याची किंमत मोजावी लागणार, असं असेल तेव्हाच फासा.

पायरी ४: आकडा सांगा, आणि पणाला काय आहे तेही

पाचव्या आवृत्तीची मोजपट्टी लक्षात ठेवायला सोपी आहे. सोपं काम १०, मध्यम १५, कठीण २०. नवख्याने एवढे तीनच वापरावेत. परिस्थिती खेळाडूच्या बाजूची असेल तर दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा, विरुद्ध असेल तर लहान. याचा परिणाम वाटतो त्यापेक्षा मोठा असतो. जिथे यशाची शक्यता ५० टक्के, तिथे दोनातला मोठा घेतला की ती ७५ होते, लहान घेतला की २५.

फासा पडायच्या आधी दोन्ही निकाल मोठ्याने सांगा. "जमलं तर मगर वळते आणि चौघं पार होतात. फसलं तर ती आवाजाकडे न जाता फेकणाऱ्याकडे येते." हे ऐकून खेळाडूला बेत बदलायचा असेल तर बदलू द्या. पात्र नदीकाठी उभं आहे, त्याला धोका दिसतोय. खेळाडूला मात्र तुम्ही सांगाल तेवढंच दिसतं. आधी सांगितलेल्या किमतीवरून भांडण होत नाही. भांडण होतं ते फासा पडल्यावर ठरवलेल्या किमतीवरून.

इथे गणिताचा एक सापळा आहे आणि तो बहुतेक टेबलांना अडकवतो. नियमांत नसलेल्या कामासाठी डीएम पुन्हा पुन्हा फासा मागतो: पाण्यात उतरताना एक, मध्यावर एक, बाहेर पडताना एक. प्रत्येक वेळी यशाची शक्यता ६० टक्के असली तरी तिन्ही जमण्याची शक्यता जेमतेम २२ टक्के उरते. चौघांनी एकेकदा टाकायचा आणि चौघांचंही जमलं पाहिजे असं म्हटलं तर १३ टक्के. डीएमला वाटतं आपण मध्यम अडचण दिली, प्रत्यक्षात दार बंद केलेलं असतं. म्हणून एका बेताला एकच फासा. गट मिळून काही करत असेल तर निम्म्यांचं जमलं की सगळ्यांचं जमलं, हा पुस्तकातलाच नियम वापरा. चौघांत प्रत्येकी ६० टक्के धरले तर गटाची शक्यता ८२वर जाते.

पायरी ५: निर्णय द्या आणि पुढे चला

डीएमचा शब्द त्या रात्रीपुरता अंतिम. हे पहिल्या बैठकीत, पात्रं बनवतानाच सगळ्यांच्या तोंडून वदवून घ्या. खेळाडूला निर्णय पटला नाही तर त्याने एकदा, एका वाक्यात सांगावं. डीएमने ऐकावं, हवं तर बदलावं, नाहीतर "खेळ संपल्यावर बोलू" म्हणून पुढे जावं. आणि बोलायचं म्हटलंय तर खरंच बोलायचं. निघताना चपला घालता घालता दोन मिनिटं पुरतात, पण ती टाळू नका. खेळाडू टेबल सोडून जातात ते निर्णय विरुद्ध गेला म्हणून नव्हे, कुणी ऐकूनच घेतलं नाही म्हणून.

पारडं समसमान असेल तर खेळाडूच्या बाजूने झुका. त्याने काहीतरी सुचवलंय, खेळात जीव ओतलाय. "नाही" म्हणण्याऐवजी "हो, पण शिदोरी संपली" असं म्हटलं की गोष्ट पुढे सरकते.

डीएम वयाने मोठा असला की आपल्याकडे आणखी एक अडचण येते. काका किंवा ताई खेळ चालवत असतील तर धाकटी भावंडं विरोध बोलून दाखवत नाहीत, नुसती गप्प होतात. त्या गप्प बसण्याला संमती समजू नका. मोठ्यांनीच विचारावं, "तुला काय वाटतं, मगर वळेल?" आणि उत्तर आवडलं तर तेच घ्यावं.

पायरी ६: वही ठेवा

आज रात्रीचा निवाडा आणि कायमचा घरचा नियम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निवाडा एका प्रसंगापुरता असतो. तोच प्रश्न पुन्हा आला, पुन्हा तसाच सोडवला आणि सगळ्यांना बरा वाटला, तरच तो नियम म्हणून वहीत चढवावा. साधी शाळेची वही चालते. नोंद अशी:

आवाज करून जनावराचं लक्ष वळवणं: आकडा १५. जनावर भुकेलं असेल किंवा पिल्लं जवळ असतील तर दोन फाशांतला लहान. जमलं तर गटाला एक फेरी (खेळातले सहा सेकंद) मिळते. एका जनावरावर एकदाच.

शेवटचं वाक्य नीट बघा. "एकदाच" लिहिलं नाही तर पुढच्या खेळात प्रत्येकजण झोळीत दगड भरून येईल आणि एकही जनावर कधी लढणार नाही. घरचा नियम लिहिला की दोन प्रश्न विचारा. हाच डाव शत्रूने आपल्यावर केला तर चालेल का? आणि प्रत्येकाने दर वेळी हाच डाव केला तर खेळ कसा दिसेल? पहिल्याचं उत्तर "नाही" असेल किंवा दुसऱ्याचं "कंटाळवाणा", तर नियम बदला.

नियमांचे शब्द जोडून भलतंच यंत्र उभं करणारा खेळाडूही भेटेल. शेकडो गावकऱ्यांची रांग लावायची, सहा सेकंदांच्या एका फेरीत हातोहात भाला पुढे पाठवायचा आणि शेवटी तो तोफगोळ्याच्या वेगाने सुटला असं म्हणायचं, ही कल्पना जगभर प्रसिद्ध आहे. २०२४च्या डीएमच्या पुस्तकात तर स्पष्टच लिहिलंय की नियम म्हणजे भौतिकशास्त्र नव्हे. फेरी ही मोजणीची सोय आहे, त्यातून वेग काढता येत नाही. अशा खेळाडूला हिडीसफिडीस करू नका, त्याचं डोकं चांगलं चालतंय. भाला शेवटच्या माणसाच्या हातात पोचतो आणि तो नेहमीसारखा फेकला जातो, एवढं सांगा.

जगातल्या रिकाम्या जागा

आतापर्यंत नियमांचं बोललो. पण खेळाडू विचारतो, "या गल्लीतून दुसरीकडे निघता येतं का?" ही जागा जगातली आहे, आणि परदेशी पुस्तकातल्या काल्पनिक शहरात ती भरायचं सगळं ओझं एकट्या डीएमवर पडतं. म्हणून पहिली मोहीम बडोद्यातच घडवा असा माझा आग्रह आहे.

मांडवीतून चार दिशांना रस्ते फुटतात आणि पाणीगेट, लहरीपुरा, गेंडीगेट, चांपानेर अशा चार दरवाजांकडे जातात, हे टेबलावरच्या सगळ्यांना पाठ असतं. पाठलाग सुरू झाला की नकाशा लागत नाही. पावसाळ्यात पूर आला की विश्वामित्रीतल्या मगरी वस्तीत शिरतात, हेही कुणाला समजावावं लागत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या दिवाण भाऊ तांबेकरांचा लाकडी वाडा, भिंतीभर चित्रं असलेला, अजून उभा आहे. एक दुपार जाऊन बघून या. जिने किती अरुंद आहेत, खोलीत उजेड कुठून येतो, हे डोळ्यांनी पाहिलेलं असलं की रात्रीच्या चोरीचा प्रसंग चालवताना डीएम अडखळत नाही.

आणि अडखळलाच तर प्रश्न खेळाडूकडे परत टाकावा. "तू या गल्लीत वाढलास. सांग, मागे काय आहे?" खेळाडू सांगेल ते खरं, फक्त एक अट: त्याने आपल्या पात्राची अडचण एका फटक्यात सोडवायची नाही. मागे विहीर आहे म्हटलं तर चालेल, मागे सज्ज घोडा उभा आहे म्हटलं तर नाही.

ज्या जागा मोकळ्या ठेवाव्यात

संवादाला नियम लावू नका. सावकाराला गळ घालायची असेल तर खेळाडूला बोलू द्या, सावकार म्हणून उत्तर द्या. बोलणं पटण्यासारखं असेल तर फाशाशिवाय पटलं. फासा अनिर्णित राहिलं तरच. लाजऱ्या खेळाडूने "मी त्याला त्याच्या मुलीची आठवण करून देतो" इतकंच सांगितलं तरी तेवढंच वजन द्या. त्याच्या पात्राला बोलता येतं, खेळाडूला अभिनय यायची गरज नाही.

पात्राला कशाची भीती वाटते, कुणावर जीव जडतो, तो देव मानतो का, हे डीएमने ठरवायचं नाही आणि फाशानेही नाही. ते खेळाडूचं.

गैरहजर खेळाडूच्या पात्राचं काय, याला मात्र आधीच उत्तर ठरवून ठेवा. पुस्तक तुमच्या टेबलासाठी ते ठरवत नाही आणि नवरात्र आलं की नऊ रात्री गरब्यामुळे टेबल अर्धं रिकामं होणारच आहे. आमच्या वहीत त्याला असं उत्तर आहे: पात्र गटाबरोबर असतं पण मागे चालतं, लढत नाही, मरत नाही, त्याची वस्तू कुणी वापरत नाही, आणि लुटीतला वाटा त्याला पुरा मिळतो.